‘आवडत नाही’ दोनदा दाबल्यावर : जेलो ॲपचा आमचा अनुभव

आमचा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि तोंडाने मोजके पाच-सहा शब्द बोलतो. गेले 14 महिने तो पवईच्या आयआयटी मुंबईतील आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांच्या मदतीने बोलणारे ॲप वापरतो आहे. ते मोफत आहे आणि मराठी बोलते, एवढ्यावरच आम्ही ते टॅबवर घेतले होते. ते टिकले मात्र वेगळ्या कारणाने.

त्याआधी घरात हसऱ्या, रडव्या, रागावलेल्या चेहऱ्यांचे तक्ते होते आणि चेहऱ्यावर बोट ठेवले की भावनेचे नाव सांगणारा एक महागडा परदेशी खेळही होता. ‘रागावलेला चेहरा दाखव’ म्हटले की तो बिनचूक दाखवी. स्वतः चिडलेला असताना मात्र त्याने त्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आपल्या आत जे चालले आहे ते ओळखून त्याला नाव देणे अनेक स्वमग्न मुलांना जड जाते, तिथे रेखाटलेल्या वाकड्या भुवया कितीशा उपयोगी पडणार?

जेलोच्या पडद्यावर मधोमध खाणे, खेळणे, शिकणे, माणसे, जागा, रोजची कामे असे नऊ विभाग आहेत, आणि दोन्ही कडांना आवडणे-नावडणे, हो-नाही, जास्त-कमी अशी सहा बटणे आहेत. अभिवादन आणि भावना यांचाही एक विभाग आहे. आमच्या मुलाने तो फारसा उघडलेला नाही. त्याच्या उपयोगी पडली ती कडेची बटणे, कारण आधी वस्तू निवडायची आणि मग तिच्याविषयी आपले मत सांगायचे, असा त्यांचा क्रम आहे, आणि तेच बटण पुन्हा दाबले की ॲप तीच भावना अधिक जोर देऊन बोलते. ‘मी दुःखी आहे’ या वाक्यापेक्षा ‘मला हे मुळीच आवडत नाही’ हे वाक्य मुलाला आधी गवसते, असे माझे मत या ॲपमुळे बनले.

याचा अनुभव आम्हाला आंघोळीने दिला. तीन वर्षे रोज सकाळी न्हाणीघराच्या दारात रडारड होत असे, आणि पाण्याचे तापमान, साबण, टॉवेल असे सगळे बदलून झाले होते. तो आंघोळीचे चित्र दाबून ‘आवडत नाही’ दोनदा दाबायला लागला, तेव्हा निदान नकार किती तीव्र आहे ते कळले. कारण काही कळले नव्हते. पुढे पाणीकपात आली. पिंपातले पाणी तांब्याने काढून, नळ न सोडता आंघोळ झाली आणि ओल्या केसांनीच बाहेर येऊन त्याने ‘आवडते’ दाबले. स्टीलच्या बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज त्या चिंचोळ्या खोलीत त्याला सहन होत नव्हता. आता प्लास्टिकची बादली त्याला उठवण्याआधीच भरून ठेवतो.

घेणाऱ्यांनी इतके लक्षात ठेवावे की अशी साधने शिकवावी लागतात. पहिले दोन महिने आम्हीच जेवताना, कपडे घालताना बटणे दाबून बोलत होतो आणि तो नुसता बघत होता. त्याचे मन अनावर झाले की कुठलेच बटण चालत नाही. त्या वेळी दिवा मालवून गप्प बसणेच बरे. ‘यंत्र बोलू लागले तर पोर कशाला बोलेल?’ अशी सासूबाईंची धास्ती होती, परंतु अशा साधनांमुळे बोलणे खुंटते असे संशोधनात आढळलेले नाही, आणि आमच्याकडे उलट ‘नको’ हा शब्द नव्याने आला आहे.

शाळेत टॅब नेण्यास परवानगी मिळाली नाही, म्हणून पडद्याची छपाई करून ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली आहे. तो त्यावरही बोट ठेवतो. मात्र कागदाला आवाज नसल्याने बाईंची पाठ वळलेली असली, तर त्याचे ‘आवडत नाही’ कोणाच्याही कानावर पडत नाही.