फ्लेकी टेस्ट: पुन्हा चालवायची, बंद करायची की पकडायची?

फायरफॉक्सच्या ट्रीहर्डरवर, म्हणजे टेस्टचे निकाल दाखवणाऱ्या पानावर, फेल झालेली टेस्ट नारिंगी दिसते. तीच पुन्हा चालवली की हिरवी! कोडमधली एक ओळही बदललेली नसते. अशी फ्लेकी, म्हणजे लहरी टेस्ट वाट्याला आली तर करायचं काय?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुन्हा चालवणं. पॅच (कोडमधला तुमचा बदल) अडकलाय आणि फेल झालेली टेस्ट तुमच्या कोडच्या आसपासही नाही, तर मीही तेच करेन. पण नारिंगीची सवय लागली की खरा बगही त्यात खपून जातो. गूगलने 2016 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळजवळ 16 टक्के टेस्ट कमीअधिक लहरी आहेत. तिथे नुसत्या री-रनवर किती मशीन राबत असतील, विचार करा.

बंद करणं त्यापेक्षा प्रामाणिक, कारण ते किमान लिहून तरी ठेवलं जातं. फायरफॉक्सच्या मॅनिफेस्टमध्ये (टेस्टची यादी असलेल्या फाइलमध्ये) स्किप-इफ, म्हणजे ‘अमुक असेल तर ही टेस्ट वगळ’, असं लावता येतं. टेस्ट जिथे फेल होते त्याच प्लॅटफॉर्मपुरतं ते लावा आणि शेजारी बग नंबर लिहा. नाहीतर ती टेस्ट कायमची गेलीच म्हणून समजा.

पकडायला वेळ लागतो, पण खरं कारण तिथेच कळतं. आधी मॉकिटेस्ट (फायरफॉक्सची ब्राउझरमध्ये चालणारी टेस्ट) व्हेरिफाय मोडमध्ये चालवा: एकाच ब्राउझरमध्ये 10 वेळा, दरवेळी नवा ब्राउझर उघडून 5 वेळा, मग तेच सगळं केऑस मोडमध्ये, जिथे कामांचा क्रम मुद्दाम विस्कटला जातो. तरी निसटली तर आरआर. हा मोझिलात जन्मलेला रेकॉर्ड-रिप्ले डीबगर. फेल होणारं रन एकदा रेकॉर्ड झालं की ते हवं तितक्या वेळा जसंच्या तसं चालतं. चुकलेल्या व्हेरिएबलवर वॉचपॉइंट लावायचा आणि उलटं चालवत जायचं. ते कुणी बिघडवलं तिथे डीबगर थांबतो. मात्र हे फक्त लिनक्सवर. शिवाय आरआर सगळे थ्रेड एकाच कोअरवर आळीपाळीने चालवतो, त्यामुळे काही रेस (थ्रेडपैकी आधी कोण पोचतो यावर अवलंबून असलेले बग) तिथे दिसतच नाहीत. नुसती विंडोजवर रुसणारी टेस्ट असेल तर मी दोन दिवस लॉग टाकून बघेन, नाहीतर सरळ स्किप-इफ.

पकडल्यावर बऱ्याचदा निघतो तो सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळ थांबून पुढे जाणारा कोड. 500 मिलिसेकंदांत पान तयार होईल असं कुणीतरी गृहीत धरलेलं असतं. मॉकिटेस्टमध्ये असा टाइमआउट वापरायचा तर ‘रिक्वेस्टफ्लेकीटाइमआउट’ला कारण देऊन परवानगी घ्यावी लागते, नावातच टोमणा आहे. तिथे 500 चे 2000 करू नका, हव्या त्या इव्हेंटची वाट बघा. आणि टेस्ट बरोबर, ब्राउझरच चुकीचा असं निघालं, तर तो बग वापरणाऱ्यांनाही अधूनमधून छळत असणार.