पांढऱ्या ठिपक्यांवर काय निवडाल: कमी क्षारता, कॉपर की टँक बदलणे?

खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, की समोर मुख्यतः तीन रस्ते असतात. पाण्याची क्षारता उतरवायची, कॉपर म्हणजे तांब्याचे औषध घालायचे, किंवा मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ टँकमध्ये हलवायचा. तिन्हींनी मासे वाचतात, पण एकाचे काम दुसऱ्याला जमेलच असे नाही. कोणता रस्ता धरायचा हे दोन गोष्टींवर ठरते: रोग नेमका कोणता आहे, आणि तुम्ही रोज नेमाने काय मोजू शकता.

हे ठिपके बहुतेक वेळा क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स या परजीवीचे, म्हणजे मरीन इचचे असतात. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत साधारण ३ ते ७ दिवस खातपीत राहतो, मग गळून पडतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचाच्या आत एकाचे शेकडो होतात. काही कवचे तीन-चार दिवसांत फुटतात, काहींना कित्येक आठवडे लागतात. बाहेर पडलेल्या पोरांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणूनच ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि माणूस निश्चिंत होतो. आठवड्याभराने तेच ठिपके दुपटीने परत येतात.

यातून एक गोष्ट निघते, जी तिन्ही उपायांना सारखीच लागू आहे. उपचार वेगळ्या, मोकळ्या टँकमध्येच करायचा आणि घरातला मोठा टँक तेवढा काळ माशांविना ठेवायचा. कोरल, कोळंबी, गोगलगायी तिथेच राहू द्या, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. रिकामा ठेवण्याचा रूढ काळ ७६ दिवस आहे. एक मासा जरी मागे राहिला तरी परजीवीची सोय झालीच. हा अडीच महिन्यांचा रिकामेपणा अनेकांना सहन होत नाही, आणि उपचार फसला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा फसलेली गोष्ट हीच असते.

क्षारता उतरवणे

समुद्राच्या पाण्याची क्षारता सुमारे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२६ च्या आसपास. माशाच्या रक्तातले क्षार याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे समुद्री मासा जन्मभर सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्यात त्याची बरीच शक्ती जाते. पाणी १.००९ वर आणले, म्हणजे १२ पीपीटीच्या जवळ, की बाहेरचे आणि आतले क्षार जवळजवळ बरोबरीला येतात. माशाचा भार हलका होतो आणि कमी क्षारतेच्या पाण्यात प्राणवायूही थोडा जास्त विरघळतो. परजीवीच्या कवचात मात्र पाणी शिरते आणि आतल्या परजीवीसकट ते नष्ट होते. आजारी माशाला औषधाचा त्रास न देता रोग मोडणारा उपाय म्हणून मला हा मनापासून आवडतो. अशक्त होऊन आलेल्या टँग जातीच्या माशाला कॉपरमध्ये टाकताना हात आखडतो, इथे आखडत नाही.

पण यात चुकायला जागा कमी आहे. परजीवी साधारण १६ पीपीटीच्या खाली टिकत नाही, आणि १६ पीपीटी म्हणजे १.०१२. आपण १.००९ धरतो ते मधे थोडी मोकळीक राहावी म्हणून. टँकमधून बाष्प उडते तेव्हा पाणी जाते, मीठ मागे राहते. मुंबईच्या उकाड्यात पंखा लावलेल्या लहान टँकची पातळी दोन-तीन दिवसांत डोळ्यांना कळेल एवढी उतरते. सुट्टीसाठी गावी गेलात आणि आरओचे पाणी भरायला कोणी नसेल, तर क्षारता हळूहळू त्या सीमेकडे सरकते आणि आधीचे दिवस वाया जातात. पहिल्याच दिवशी पातळीवर मार्करने रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत गोडे पाणी भरा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच हवा, म्हणजे थेंबातून वाकणाऱ्या प्रकाशावरून क्षारता दाखवणारे उपकरण. हलत्या काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर एक बुडबुडा अडकला तरी आकडा बदलतो, आणि इथे दोन-तीन सहस्रांशांचा (०.००२-०.००३) फरक म्हणजेच उपचार आणि निरुपचार. एरवी आपण रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवतो. कमी क्षारतेसाठी तो शुद्ध पाण्यावरही शून्य दाखवतो ना, हे पाहून घ्या.

क्षारता उतरवताना घाई चालते, चढवताना अजिबात नाही. साठ लिटरचा टँक १.०२५ वर आहे असे धरा. बारा लिटर काढून तेवढेच गोडे पाणी घातले की १.०२० होते. पुन्हा बारा, १.०१६. मग तेरा, १.०१२ च्या थोडे वर. शेवटी सतरा, १.००९. दर खेपेमध्ये बारा तास ठेवले की दोन दिवसांत काम होते. घालायचे पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचे असावे. गोड्या पाण्याने क्षारासोबत अल्कलिनिटीही (पीएच स्थिर धरण्याची पाण्याची ताकद) पातळ होते आणि पीएच घसरतो. तेव्हा पीएच रोज पाहा आणि गरजेपुरता खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला. फिल्टरमधले जिवाणूही या बदलाने मंदावतात, म्हणून पहिल्या आठवड्यात अमोनियाकडे दुर्लक्ष करू नका. शेवटचा ठिपका गेल्यापासून तीन ते चार आठवडे १.००९ धरून ठेवायचे. मग रोज एक ते दोन सहस्रांशच वर. म्हणजे परत यायला आठ दिवस तर नक्की लागतात. एका दुपारीत चढवले तर माशाच्या शरीरातले पाणी ओढले जाते, आणि रोगातून वाचलेला मासा तिथे जातो.

हा उपाय फक्त हाडे असलेल्या माशांसाठी आहे. बांबू शार्क किंवा पाखट यांच्या शरीराची क्षारांची घडी वेगळी असते, त्यांना यात घालू नका. कॉपरही त्यांना घातकच. लाइव्ह रॉकवरचे (समुद्रातल्या सजीवांनी भरलेल्या दगडावरचे) जीव या पाण्यात मरतात आणि तेच अमोनिया करतात, म्हणून या टँकमध्ये रॉक नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात.

एक मर्यादा मोठी आहे. परजीवीचे सगळे वाण सारखे नसतात. तैवानमध्ये ५ आणि १० पीपीटी पाण्यातही रोग पसरवणारे वाण आढळले, आणि ती नोंद २००३ सालची आहे. तुमच्या माशाने कोणता वाण आणला हे बाहेरून ओळखता येत नाही.

कॉपर

कॉपर हवेत तरंगणाऱ्या शत्रूवर नेम धरावा तसे काम करते. माशातला परजीवी आणि कवचातला परजीवी, दोघांनाही ते फारसे लागत नाही. कवच फोडून मासा शोधायला निघालेली पोरे मात्र मरतात. त्यामुळे मात्रा सलग टिकली पाहिजे. साध्या कॉपरसाठी लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि कीलेटेड कॉपरसाठी (दुसऱ्या द्रव्याशी बांधलेल्या कॉपरसाठी) सुमारे २ ते २.५ मिलिग्रॅम. दोन्हींत दहापट अंतर आहे, तेव्हा बाटलीवर कोणते कॉपर आहे ते वाचल्याशिवाय थेंबही घालू नका. टेस्ट किटही त्याच प्रकाराला चालणारा हवा. मात्रा कमी पडली तर परजीवी वाचतो, जास्त झाली तर मासा जातो. वाळू आणि रॉक कॉपर शोषतात, म्हणून तळ मोकळाच. साधारण ३० दिवस धरायचे.

कॉपरने अनेक मासे खाणे कमी करतात. मँडरिन, काही रॅस आणि लहान एंजेल या जातींचे मासे याबाबत नाजूक. अमोनिया बांधणारी द्रव्ये कॉपरसोबत घालू नयेत, त्यातून कॉपर अधिक विषारी होऊ शकते. कमी क्षारता आणि कॉपर एकत्र वापरण्याचा मोहही टाळा, कारण पातळ पाण्यात कॉपर माशाला जास्त बाधते.

एवढे असूनही कॉपरला एक जागा आहे जिथे क्षारता उतरवून काहीच साधत नाही. ती म्हणजे व्हेल्वेट, अमायलोओडिनियम. हा परजीवी फार वेगवेगळ्या क्षारतेत मजेत जगतो. १.००९ वर मासा ठेवून तुम्ही वाट पाहाल आणि तो दोन-चार दिवसांत मासे संपवेल. ओळख अशी: इचचे ठिपके मोजता येतात, व्हेल्वेट बाजूने टॉर्च मारल्यावर बारीक सोनेरी-राखाडी धुळीसारखा दिसतो. मासा जोरजोरात श्वास घेतो, उजेड टाळतो, पंपाच्या झोतात तोंड घालून राहतो. धूळ दिसायच्या आधीच श्वास वाढला असेल तर व्हेल्वेटच धरून चाला.

टँक बदलणे

तत्त्व सोपे आहे. गळून पडलेली कवचे फुटायच्या आत मासा निघून गेला पाहिजे. दर ७२ तासांच्या आत बदल, असे चार बदल, आणि रिकामा टँक, हीटर, पाइप सगळे कोरडे करून वाळवायचे. औषध नाही, क्षारतेचा खेळ नाही. पण रोग फक्त इचच हवा, एक-दोनच मासे हवेत आणि घड्याळ पाळणारा माणूस हवा. पूर्ण क्षारतेचे पाणी पुन्हा पुन्हा बनवावे लागते, आणि लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मीठ या हिशेबाने ते स्वस्त नाही. उलट कमी क्षारतेचे पाणी बनवायला साधारण एक तृतीयांश मीठ लागते.

मग निवड कशी

नवा मासा नुकताच आला आहे, श्वास जलद आहे आणि काय आहे ते कळत नाही, तर मी कॉपरच सांगेन. ठिपके स्पष्ट आहेत, मासा खातो आहे, तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे आणि महिनाभर तुम्ही घरी आहात, तर क्षारता उतरवा. एकटा क्लाउनफिश किंवा मँडरिनसारखा नाजूक मासा, आणि ठिपके इचचेच, तर टँक बदलणे. क्लाउनच्या अंगावर जाड शेंबडासारखा थर आणि कातडी सुटत असेल तर ते ब्रुकलिनेला नावाच्या वेगळ्या परजीवीचे काम असू शकते. तिथे या तिन्हींवर विसंबू नका, फॉर्मॅलिन लागते.

मासा अंग घासतो, डोळे धूसर आहेत आणि ठिपके नाहीत, तर फ्लूक, म्हणजे कातडीला चिकटणारे चपटे कृमी, आहेत का ते आधी बघा. काळ्या भांड्यात त्याच तापमानाचे, पीएच जुळवलेले गोडे पाणी घ्या, एअर स्टोन लावा आणि मासा पाच मिनिटे ठेवा. फ्लूक असतील तर पांढरे होऊन तिळासारखे तळाशी पडतात. मासा आडवा झाला किंवा तडफडला तर लगेच काढा. या बुडवणीने इच जात नाही, फक्त निदान होते आणि बरेच फ्लूक निघतात. ते पुरते घालवायला प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक लागते.

क्षारता निवडली आणि १.००९ पक्के असूनही दहाव्या-बाराव्या दिवशी नवे ठिपके उठले, तर आधी रिफ्रॅक्टोमीटर तपासा. तो बरोबर असेल तर वाण चिवट आहे असे समजा. आणखी दोन आठवडे वाट पाहू नका. रोज दोन सहस्रांश या गतीने पाणी पूर्ण क्षारतेला आणा आणि मगच कॉपर सुरू करा.