मचूळ विहिरीवरची भाजी: सरी-वरंबा की ठिबकचा गादीवाफा?

कोकण किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तेव्हा पाण्यापेक्षा मीठ कुठे साचतं हे आधी बघावं.

सरी-वरंब्यात (सरी म्हणजे पाण्याचा चर, वरंबा म्हणजे दोन चरांमधला मातीचा उंचवटा) पाणी सरीतून वर चढतं, वाफ होऊन उडतं आणि मीठ वरंब्याच्या माथ्यावर पांढरं दिसू लागतं. म्हणून मिरची-वांग्याची रोपं माथ्यावर लावायची नाहीत. उतारावर, मध्याच्या थोडं खाली लावायची. खर्च जवळपास शून्य. पण वाळूच्या जमिनीत पाणी सरीच्या टोकापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे सरी ५-६ मीटरपेक्षा लांब नको.

गादीवाफा ९० सेंमी रुंद, २० सेंमी उंच, भरपूर कुजलेलं शेणखत, दोन लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या), त्यांवर दर ३० सेंमीला ड्रिपर (थेंब सोडणारं तोंड). वाळूत पाणी आडवं पसरत नाही, म्हणून एकदाच तासभर सोडण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. मीठ ओल्या पट्ट्याच्या कडेला ढकललं जातं, मुळं मधे सुरक्षित. फसगत वळवाच्या हलक्या सरीत होते: कडेचं मीठ विरघळून मुळांशी येतं, पानांच्या कडा करपतात. पाऊस पडताना ठिबक बंद नव्हे, चालू ठेवायचं! वर पेंढ्याचं आच्छादन हवंच.

पिकाचंही बघा. मातीची क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या (खारटपणा मोजायचं एकक) वर गेली की घेवड्याचं उत्पन्न घटू लागतं, मिरचीचं दीडला, टोमॅटोचं अडीचला, बीट ४ पर्यंत टिकतं.

दोन-तीन गुंठे वाळू असेल तर ठिबकच. जमीन चिकण असेल आणि विहीर गोडी असेपर्यंतच, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, पीक घ्यायचं असेल तर सरी पुरे.