०.०२५ की ०.०५? ट्रेटिनॉइन वापरल्याचे अकरा महिने

गेल्या आठवड्यात फोंड्यातील एका फार्मसीत मी ट्रेटिनॉइनची, म्हणजे मुरुमांवर चेहऱ्याला लावायच्या औषधाची, नवी ट्यूब घ्यायला उभी होते. माझ्या पुढे असलेल्या कॉलेजातल्या मुलीने काउंटरवर सांगितले, "ट्रेटिनॉइन द्या, त्यातली सगळ्यात पॉवरफुल असेल ती." दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तिच्याजवळ ती नव्हती, आणि ती तशीच निघून गेली. तिला थांबवून दोन शब्द सांगावेत असे मला फार वाटले, पण तेवढ्यात ती स्कूटरवर बसलीही होती. तिला जे सांगायचे होते ते येथे लिहीत आहे.

ट्रेटिनॉइन रात्रीच का लावतात आणि सकाळी सनस्क्रीन का चुकवायचे नाही, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे मी धरते. मी फक्त ताकदीविषयी, म्हणजे ट्यूबेत औषध किती टक्के आहे याविषयी, लिहिणार आहे, कारण माझे पैसे, माझा चेहरा आणि वर्षातले जवळजवळ दोन महिने या एकाच गोष्टीपायी वाया गेले.

माझे वय छत्तीस, वर्ण सावळा, त्वचा गालांवर कोरडी आणि हनुवटीवर तेलकट. जबड्याच्या कडेने येणाऱ्या पुटकुळ्या आणि त्या गेल्यावर मागे राहणारे काळपट डाग ही माझी तक्रार होती. गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरबाईंनी ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनचे क्रीम लिहून दिले. पहिला महिना आठवड्यातून तीन रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड आणि सहन झाले तर पुढे रोज, असा क्रम त्यांनी चिठ्ठीवर लिहिला होता. संपूर्ण चेहऱ्यासाठी मटाराच्या दाण्याएवढे क्रीम, चेहरा धुतल्यावर वीस मिनिटे थांबून, पूर्ण कोरड्या त्वचेवर, हेही त्यांनी दोनदा सांगितले. गर्भधारणेचा विचार आहे का, हे त्यांनी लिहिण्याआधीच विचारले होते. तसा विचार असता तर हे औषध दिलेच नसते, असे त्या म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे सुटू लागले आणि पाचव्या आठवड्यात पुटकुळ्या आधीपेक्षा वाढल्या. असे होऊ शकते हे मला सांगितलेले होते, त्यामुळे मी धीर धरला. जानेवारीच्या मध्यापासून रोज रात्री लावणे जमू लागले आणि त्या महिन्याच्या शेवटी जबड्याची कडा बोटांना गुळगुळीत लागली. मुलांच्या वह्या तपासण्यात वीस मिनिटे कशी जातात हे कळतही नसे.

पहिली वीस ग्रॅमची ट्यूब मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपली. मटाराएवढे क्रीम म्हणजे साधारण पाव ग्रॅम, म्हणजे एका ट्यूबेत ऐंशी रात्री. मी हिशेब ठेवला होता आणि तो जवळजवळ तंतोतंत जुळला. महागाईच्या दिवसांत ही गोष्ट मला फार आवडली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नेहमीच्या फार्मसीत न जाता वाटेवरच्या दुसऱ्या दुकानात चिठ्ठी दाखवली. काउंटरवरचा मुलगा आत जाऊन एक खोका घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, पंचवीसची संपली आहे, ही पाचची आहे. पाच म्हणजे आणखी सौम्य." बाहेर बस उभी होती, किमतीत दहाएक रुपयांचाच फरक होता, आणि मी ट्यूब पिशवीत टाकली.

मी इयत्ता पाचवीला गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांत मुले सर्वांत जास्त चुकतात ती याच ठिकाणी. पंचवीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ०.०२५ हे ०.०५ पेक्षा मोठे, असे त्यांना वाटते, आणि शून्य जोडून ०.०२५ व ०.०५० असे एकाखाली एक लिहून दाखवेपर्यंत ते पटत नाही. काउंटरवर झाली ती नेमकी हीच चूक, आणि घाईत माझ्याही लक्षात आली नाही. त्या मुलाच्या हातून मला दुप्पट ताकदीचे औषध मिळाले, आणि ते त्याने सौम्य समजून दिले.

आता या आकड्याविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्याच विरुद्ध आहे. ०.०२५ टक्के म्हणजे एका ग्रॅम क्रीममध्ये पाव मिलिग्रॅम औषध. वीस ग्रॅमच्या आख्ख्या ट्यूबेत औषध असते अवघे पाच मिलिग्रॅम, आणि ०.०५ च्या ट्यूबेत दहा. आपण रात्री चेहऱ्यावर लावतो त्या मटाराएवढ्या क्रीममध्ये एका मिलिग्रॅमचा सोळावा भाग असतो. एवढ्याशा मात्रेने त्वचेचे थर लवकर बदलतात आणि रंध्रे तुंबणे थांबते, म्हणूनच तिच्यातला दुपटीचा फरक चेहऱ्याला कळतो. आणि हा फरक सांगणारा एकमेव आकडा माझ्या ट्यूबेवर औषधाच्या नावाखाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेला होता. दोन्ही ट्यूबांचा रंग जवळपास एकच होता. सौम्य, मध्यम, तीव्र असा एकही शब्द त्यांच्यावर नव्हता. पन्नाशीतल्या माणसाने चष्म्याशिवाय तो आकडा वाचून दाखवावा, असे मला मनापासून म्हणायचे आहे. घटना घडल्यानंतर मी वर्गात फळ्यावर हे दोन आकडे लिहिले आणि मोठा कोणता हे विचारले, तेव्हा अर्ध्याहून अधिक हात चुकीच्या आकड्यासाठी वर आले. औषधाच्या दुकानात उभे राहणारे लोक याच मुलांसारखे एकेकाळी वर्गात बसलेले असतात, हे छापणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

नवी ट्यूब मी पहिल्या रात्रीपासून रोज लावू लागले, कारण जुनी रोज सहन होत होती. ते जेल होते, हेही मी पाहिले नाही. पारदर्शक, पिवळसर, बोटावर गार लागणारे. दुसऱ्या रात्री चुरचुर सुरू झाली. पाचव्या दिवशी ओठांच्या कोपऱ्यांना भेगा पडल्या आणि चेहऱ्याला साधे नळाचे पाणी लागले तरी आग होऊ लागली. लवकर गुण येत असेल अशा समजुतीने मी आणखी चार रात्री ते लावत राहिले. नवव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "काय गो, तोंड कसले करून घेतलेस?" आणि मी आरशासमोर गेले, तर दोन्ही गालांची कातडी चकाकत होती, लाल तांबूस, आणि गालाच्या हाडावर ती कागदासारखी उलत होती. शिगम्याच्या मिरवणुकीला मी त्या वर्षी गेले नाही. मुलींना त्यांच्या बाबांनी नेले आणि मी ढोल-ताशे घरातूनच ऐकले.

तेव्हा कुठे मी ट्यूब उजेडात धरून आकडा वाचला.

दुकानदाराशी झालेला वाद थोडक्यात सांगते. उघडलेली ट्यूब परत घेणार नाही, हे त्यांचे म्हणणे मी मान्य केले. चिठ्ठीवर एक ताकद आणि एक प्रकार लिहिलेला असताना दुसराच दिला, एवढे त्यांनी कबूल करावे आणि त्या मुलाला समजावून सांगावे, इतकेच मला हवे होते. "औषध तेच आहे ना," या एका वाक्यापलीकडे ते गेले नाहीत. औषध तेच होते, हे खरे आहे, आणि म्हणूनच ही चूक कोणाला चूक वाटत नाही.

डॉक्टरबाईंनी सगळे बंद केले. तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. आग आठवड्याभरात शमली, पण गालाच्या हाडांवर दोन नवे काळपट पट्टे उमटले, जे माझ्या मूळ डागांपेक्षा मोठे होते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत कुठलाही दाह झाला की मागे रंग राहतो आणि तो उतरायला महिने लागतात, हे त्यांनी तेव्हा समजावले. डाग घालवण्यासाठी जोरकस औषध घ्यावे आणि त्याच्या दाहाने नवे डाग पडावेत, हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही. याच दिवसांत शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला एक क्रीम आणून दिले, ज्यात हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारे औषध, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड एकत्र होते. घरातले सर्व जण उजळण्यासाठी तेच लावतात, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी ते हातातून काढून घेतले. असे मिश्रण ठरावीक आजाराला, ठरावीक आठवड्यांपुरते, देखरेखीखाली वापरायचे असते, आणि महिनोन्‌महिने लावल्यास स्टिरॉइडमुळे कातडी पातळ होते, हे मी त्या सहकाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी सांगितले.

सुरुवातीचा फार्मसीतला प्रसंग सोडला तर येथपर्यंतचा मजकूर मी मे महिन्यात लिहून ठेवला होता, आणि त्याच्या शेवटी "०.०५ कोणीही घेऊ नये" असे वाक्य होते. ते वाक्य आता मी खोडले आहे.

त्याला कारण माझी मडगावची नणंद. तिची त्वचा चांगलीच तेलकट आहे आणि ती वर्षभर ०.०५ चे क्रीम रोज लावते आहे, साधा पापुद्राही न सुटता. मी डॉक्टरबाईंना हे विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या चुका एकेक करून पुढे मांडल्या. ताकद दुप्पट झाली ही एक. क्रीमच्या जागी अल्कोहोल असलेले जेल आले ही दुसरी, कारण तसे जेल त्याच ताकदीच्या क्रीमपेक्षाही अधिक कोरडे करते. नवी ताकद पहिल्या रात्रीपासून रोज लावली ही तिसरी. आणि चौथी त्यांनी प्रश्न विचारूनच काढून घेतली: परीक्षेच्या धावपळीत मी वीस मिनिटे थांबणे सोडून दिले होते आणि ओलसर चेहऱ्यावरच जेल लावत होते. म्हणजे ज्या आकड्यावर मी सगळा राग काढला, तो एकटाच दोषी नव्हता. आकड्याच्या छपाईविषयीचे माझे म्हणणे मात्र जसेच्या तसे आहे.

आकडे वेगवेगळ्या औषधांमध्ये एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, हेही मला तेव्हाच कळले. अ‍ॅडापॅलीन हे ट्रेटिनॉइनच्याच घराण्यातले औषध ०.१ टक्के असते आणि तरीही ते बहुतेकांना ट्रेटिनॉइन ०.०२५ पेक्षा सौम्य जाते. ट्रायफॅरोटिन हे याच घराण्यातले आणखी एक औषध तर ०.००५ टक्क्याने मिळते आणि ते दुबळे औषध अजिबात नाही. ट्रेटिनॉइनचेच सूक्ष्म गोलकांत बसवलेले जेल ०.०४ आणि ०.१ अशा ताकदींत येते व त्यातून औषध हळूहळू सुटते, त्यामुळे ०.०४ म्हणजे ०.०५ च्या किंचित खाली, असे समजणे धोक्याचे. कोणता रेणू, कोणता आधार (क्रीम की जेल) आणि किती टक्के, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय ट्यूब वाचली असे मी आता मानत नाही.

जास्त ताकद म्हणजे जास्त गुण, या समजुतीविषयीही मी वाचले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ०.१ आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन क्रीमची ४८ आठवडे तुलना केली होती. उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेत दोन्हींनी जवळपास सारखीच सुधारणा झाली, पण लाली आणि सोलवटणे ०.१ मध्ये स्पष्टपणे अधिक होते. ही चाचणी मुरुमांवरची नव्हती, त्यामुळे ती माझ्यावर जशीच्या तशी लावणार नाही. तरी चौपट ताकदीने चौपट फळ मिळत नाही, इतके त्यातून घेता येते. १९७१ मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी मान्यता मिळालेले हे जुने औषध आहे, आणि तरीही दुकानात त्याविषयीचा सल्ला "पॉवरफुल" या एका शब्दावर चालतो, याचे मला वाईट वाटते.

एप्रिलमध्ये मी ०.०२५ चे क्रीम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग क्रीम, मग पुन्हा मॉइश्चरायझर. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधी व्हॅसलीन. जूनपासून रोज. पावसाळ्यात फोंड्याच्या दमट हवेत वरचा थर चिकचिकीत वाटू लागला म्हणून तो सोडला, आणि त्याने काही बिघडले नाही. ढगाळ दिवस आहे म्हणून सनस्क्रीन मात्र एकदाही सोडले नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी मी चुलीसमोर बसून नेवऱ्या तळत होते. दोन तास तेलाची धग तोंडावर येत होती. मार्चमध्ये चहाच्या वाफेनेही गाल भाजल्यासारखे होत, आणि त्या दिवशी शेवटचा घाणा काढेपर्यंत मला चेहऱ्याची आठवणही झाली नाही. औषध अंगी लागले, असे मला त्या क्षणी वाटले. जबड्याच्या कडेला आता महिन्यातून एखादी पुटकुळी येते. जुने डाग निम्म्याहून अधिक उतरले आहेत. मार्चचे दोन पट्टे अजून उजेडात दिसतात, डावा उजव्यापेक्षा जास्त.

डॉक्टरबाईंनी दिवाळीनंतर आठवड्यातून दोन रात्री ०.०५ चे क्रीम आणि बाकीच्या रात्री ०.०२५ असे सुचवले आहे. मी लगेच हो म्हटले नाही. हिवाळ्यात सकाळची हवा कोरडी होते, तेव्हा माझे गाल काय म्हणतात ते पाहीन आणि मग ठरवीन. या वेळी आणलेली ट्यूब ०.०२५ चीच आहे. पैसे देण्याआधी ती मी उजेडात धरली, नाव, "क्रीम" हा शब्द आणि आकडा दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवला, आणि घरी आल्यावर झाकणावर काळ्या मार्करने ०.०२५ असे ठसठशीत लिहिले.