सीलबंद डबीत वापरलेल्या रीड्स: वडोदऱ्यातल्या क्लॅरिनेटवाल्यांनो, सावध राहा

लग्नसराई तोंडावर आली की रीड्सची, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या, फुंकल्यावर थरथरून सूर काढणाऱ्या बोरूच्या पातळ पट्ट्यांची, मागणी वाढते, आणि नेमके तेव्हाच "फ्रेंच माल, निम्मी किंमत, थोड्याच डब्या शिल्लक" असे मेसेज फिरू लागतात. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या काही वादकांनी अशा डब्या घेतल्या. पैसे आधीच यूपीआयने गेले, बिल नाही. डबी नवी, प्लास्टिकही नवं. आतल्या दहाही रीड्स मात्र कुणीतरी वाजवून टाकलेल्या.

नेहमीच्या, म्हणजे बी-फ्लॅट, क्लॅरिनेटची नवी रीड साधारण ६७-६८ मिमी भरते. या एक-दीड मिमी आखूड होत्या, त्याही कमी-जास्त. झिजलेलं टोक कापून, घासून पुन्हा गोल केलेलं. रीडचं टोक जेमतेम ०.१ मिमी जाड असतं. ते कापलं की मागचा जाड भाग पुढे येतो. त्यामुळे डबीवर २.५ (रीडच्या कडकपणाचा आकडा) छापलेलं असूनही फुंक जड जाते, आणि वाटतं, नवी आहे, रुळेल. ती रुळत नाही. थोड्याच वेळात वरच्या सप्तकात सूर उतरतो, जीभ लावली की चिरकतो.

रीड पालथी करून उजेडात तिरकी धरा. सपाट बाजूवर माउथपीसच्या (फुंकायच्या तोंडाच्या) खिडकीचा, म्हणजे रीडखालच्या उघड्या फटीचा, करडा डाग किंवा सँडपेपरचे ओरखडे दिसतील. डाग घासून काढता येतो, पण रीडच्या दुसऱ्या बाजूच्या चकचकीत सालीवर लिगेचरने, म्हणजे रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्याने, पडलेले दाब जात नाहीत. साल घासली तर तिची चमकच जाते. तिथेच चोरी पकडता येते.

विक्रेता म्हणतो, "नैसर्गिक वस्तू आहे, दहात दोन-चार खराब निघायच्याच." यात अर्धं सत्य आहे. अस्सल डबीतल्या दहाही रीड्स सारख्या वाजत नाहीत, हे खरं. पण आखूड लांबी आणि लिगेचरच्या खुणा हा बोरूचा दोष नव्हे.

सगळ्यात वाईट म्हणजे हा माल शिकाऊ मुलांच्या हाती जातो. दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू तोंडात, वर सूर लागत नाही म्हणून पोरं ओठ आवळून वाजवतात. ती सवय मोडणं फार कठीण.

घेताना लांबी मोजायला स्टीलची पट्टी खिशात ठेवा, पक्कं बिल मागा, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा. आधीच फसला असाल तर रीड्स आणि डबी फेकू नका. मोजमापासह फोटो काढून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.