कपाळावरच्या आठ्या आणि बोटॉक्स: नऊ महिन्यांनंतर

सांगलीत विश्रामबागला माझं पार्लर आहे, 18 वर्षं झाली. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात, मान खाली, आणि बारीक केस दिसावा म्हणून भुवया आक्रसलेल्या. असं दिवसाला वीस-पंचवीस वेळा. दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्या नसत्या तरच नवल. बायका विचारायच्या, "ताई, आज चिडलाय का?" समोर दिवसभर आरसा, त्यामुळे खोटंही बोलता येईना.

वर्षभर रात्री रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठीचं क्रीम, लावलं. त्वचा सुधारली, आठ्या जागच्या जागी. त्या त्वचेच्या नव्हत्याच, खालच्या स्नायूच्या होत्या.

गणपती झाल्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यायला मिरजेत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. "आठ्या घाल बघू," म्हणाल्या आणि पेन्सिलीने पाच ठिपके काढले. औषध युनिटमध्ये मोजतात; प्रत्येक ठिपक्याला 4, एकूण 20 युनिट. युनिटला 300 रुपये, म्हणजे 6000. बाटली माझ्यासमोर फोडून सलाईनमध्ये औषध तयार केलं. दुखलं म्हणाल तर वरच्या ओठाच्या थ्रेडिंगपेक्षा कमीच. पण सुई आत जाताना कपाळाच्या आत 'कर्र' असा आवाज आला, भाजलेला पापड मोडल्यासारखा. तो मात्र अजून आठवतो. चार तास आडवं व्हायचं नाही, त्या दिवशी कपाळ चोळायचं नाही. तिसऱ्या दिवशी काहीच फरक नाही, म्हटलं गेले सहा हजार. पाचव्या-सहाव्या दिवशी थ्रेडिंग करताना भुवया आक्रसायला गेले तर आक्रसेनात. चौदाव्या दिवशी हलक्या रेघा गायब. डावीकडची जुनी खोल रेघ मात्र चेहरा शांत असतानाही थोडी दिसते, ती तेवढी राहिली.

बोटॉक्समध्ये त्वचेत काही भरत नाहीत, ते काम फिलरचं, म्हणजे भराव घालणाऱ्या इंजेक्शनचं. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊजणी यात घोळ घालतात. हे औषध नसेच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, तो निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटूच देत नाही. मुळात ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं. तिरळेपणा आणि पापण्यांची उबळ यांसाठी वापरायचे. कॅनडाच्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स यांच्या पापण्यांच्या एका पेशंटच्याच लक्षात आलं की आठ्याही जातायत. 1992 साली कॅरुथर्स बाईंनी नवऱ्याबरोबर त्यावर शोधनिबंध लिहिला. अमेरिकेत आठ्यांसाठी परवानगी मिळाली 2002 साली.

चार महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमारास, असर ओसरला. इथं माझं चुकलं. दुसऱ्या गावात एका ठिकाणी ऑफर होती, 'कपाळ पूर्ण', कमी पैशात. किती युनिट ते सांगितलं नाही, बाटलीही दाखवली नाही. आणि मी, धंद्यातली बाई, विचारलं नाही! त्याच संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू. वहिनी बोट दाबून कुंकू लावायला आल्या, नेमकं टोचलं तिथंच. मी मान मागे घेतली, तर त्यांना वाटलं मला राग आला.

पंधरा दिवसांत भुवया जड झाल्या, पापण्यांवर काहीतरी ठेवल्यासारखं. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळावरचा. तोच खालपर्यंत ढिला केला तर भुवई बसणारच. आणि याला उतारा नाही, वाट बघायची. सात आठवडे मी हनुवटी वर करून थ्रेडिंग केलं. मान धरली. फोन केला तर तिथल्या माणसाने "होतं कधी कधी" म्हणून ठेवून दिला.

मे महिन्यात पुन्हा मिरजेला. बाईंनी जुने फोटो काढून बघितले, म्हणाल्या, "कपाळाला हात लावायचा नाही, भुवया मुळातच खाली आहेत." फक्त आठ्या, तेच 20 युनिट. आता जून संपत आलाय, उत्तम आहे.

खर्च वर्षाला तीन वेळा धरा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असाल तर नकोच, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तरी नको. सनस्क्रीन सुटत नाही, मार्केट यार्डात उन्हात हळदीच्या सौद्याला उभ्या राहणाऱ्या माझ्या दोन गिऱ्हाइकांना मी आधी तेच लावायला सांगते.

परवा एक मावशी म्हणाल्या, "तूच टोच की, दोघींचेही पैसे वाचतील." मी त्यांना डॉक्टरांचा नंबर दिला आणि फेशियलला बसवलं.