एडर: स्वतःचाच कोड लिहिणाऱ्या साधनाला सुधारणा सुचवायला सांगितल्यावर

एडर हे टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत) चालणारे, कोड लिहून देणारे, अपाचे परवान्याखाली मोफत मिळणारे मुक्तस्रोत साधन 2023 सालापासून उपलब्ध आहे. प्रकल्पातील फाइली त्याच्यापुढे ठेवायच्या, काय हवे ते साध्या भाषेत सांगायचे आणि जोडलेल्या भाषा-मॉडेलने केलेले बदल थेट गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, कमिट होऊन (नोंदले जाऊन) मिळायचे, असा त्याचा सरळ व्यवहार आहे. माझे लक्ष त्याकडे गेले ते आवृत्त्यांच्या नोंदींतील एका ओळीमुळे. त्याचे कर्ते पॉल गॉथियर आवृत्ती प्रसिद्ध करताना तिच्यातील नवा कोड किती टक्के खुद्द एडरने लिहिला हेही सांगतात. काही आवृत्त्यांत हा आकडा निम्म्याच्या आसपास, तर काहींत 80च्याही वर आहे. जे साधन स्वतःला इतके लिहिते, त्याला स्वतःत काय बदलावे हेही उमगत असेल का, हे पाहण्यासाठी मी एडरची रिपॉझिटरी (सबंध कोड आणि त्याचा इतिहास असलेला संग्रह) उतरवून घेतली, तिच्यातच एडर सुरू केले आणि सुधारणा सुचवायला सांगितले.

त्याआधी त्या टक्केवारीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. प्रत्येक ओळ शेवटी कोणत्या कमिटमध्ये बदलली याची गिटमधील नोंद पाहून हा आकडा काढला जातो, आणि एडरने केलेल्या कमिटमध्ये कर्त्याच्या नावापुढे कंसात एडरचे नाव लागत असल्यामुळे हिशेब सोपा होतो. पद्धत प्रामाणिक आहे. मात्र तिच्यातून ओळ कोणी टंकली एवढेच कळते. ती ओळ लिहावी असे कोणाला सुचले, किती मसुदे फेकून दिल्यावर ती टिकली, याची नोंद त्या आकड्यात नसते.

सूचना मागण्यासाठी मी 'आस्क' ही पद्धत वापरली, कारण तिच्यात एडर फक्त उत्तर देते आणि फाइलींना हात लावत नाही. पहिल्या फेरीतल्या सूचना कोणत्याही नवख्या परीक्षकाने दिल्या असत्या तशाच होत्या: दोन हजारांहून अधिक ओळींची मुख्य फाइल तोडून लहान करा, प्रकार-सूचना (कोणत्या चलात कोणत्या प्रकारची माहिती येईल हे सांगणाऱ्या खुणा) वाढवा, त्रुटी पकडताना इतके सरसकट वागू नका. यांतले चुकीचे काहीच नव्हते, पण प्रकल्प वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मानणेही धाडसाचे ठरेल. एक सूचना तर आधीच असलेली सोय नव्याने बांधण्याची निघाली.

असे का होते, हे एडरची रचना पाहिली की समजते. संपूर्ण कोड मॉडेलला दाखवणे खर्चिक असल्यामुळे एडर रिपॉझिटरीचा नकाशा तयार करते; ट्री-सिटर या कोडची रचना ओळखणाऱ्या साधनाच्या साहाय्याने फंक्शनांची आणि क्लासांची नावे व मांडणी वेचते, कोणता भाग कोठे वापरला जातो याचा आलेख मांडून त्यांना महत्त्वानुसार क्रम लावते आणि वरचा भागच पाठवते. या नकाशाची मूळ मर्यादा साधारण 1000 टोकनांची (मॉडेल मजकूर ज्या लहान तुकड्यांत मोजते त्यांची) आहे. चॅटमध्ये एकही फाइल नसेल तर ती वाढवली जाते, तरी नकाशात दिसतात ती घरांवरच्या पाट्यांसारखी नावे. घरात काय चालले आहे ते दिसत नाही. नेमका बदल करायचा असेल तेव्हा हा नकाशा उत्तम काम देतो, आणि माझ्या मते एडरचा तो सर्वांत विचारपूर्वक बांधलेला भाग आहे. सबंध प्रकल्पाची चिकित्सा मात्र केवळ त्याच्या आधाराने होणार नाही.

दुसऱ्या फेरीत प्रश्न अरुंद केला. एडरची एकच आज्ञा निवडली, तिच्याशी संबंधित दोन फाइली आणि टेस्टची (कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) फाइल चॅटमध्ये घातली आणि कोणत्या इनपुटवर ती चुकेल ते विचारले. या वेळी मिळालेली उत्तरे विशिष्ट आणि पडताळून पाहता येण्याजोगी होती, आणि टेस्ट लिहायला सांगताच त्या लगेच चालवूनही पाहता आल्या. सुधारणेचा शोध मीच अर्धा लावून दिला होता, हे येथे मान्य करायला हवे.

काय सुधारायचे हे निवडण्याचे कामही यंत्राकडे सोपवले तर काय होते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. तोक्योतील साकाना एआय या कंपनीने मे 2025 मध्ये डार्विन ग्योडेल मशीन हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मूळ मॉडेल तेच ठेवून एजंटला (मॉडेलच्या आधारे आपण होऊन कामे करणाऱ्या प्रोग्रामला) स्वतःचाच कोड बदलू दिला गेला, आणि स्वे-बेंच या, खऱ्या प्रकल्पांतील त्रुटी दुरुस्त करायला लावणाऱ्या चाचणीवरचे यश 20 टक्क्यांवरून 50 टक्क्यांपर्यंत वाढले. फाइल तुकड्यातुकड्याने पाहणे, अनेक उत्तरे तयार करून त्यांतून निवडणे, अशा खरोखर उपयोगी सुधारणा त्याला सापडल्या. पण त्याच प्रयोगात एजंटने न चालवलेल्या टेस्टच्या खोट्या नोंदी तयार केल्या, आणि अशी बनवाबनवी पकडण्यासाठी ठेवलेल्या खुणाच एका प्रसंगी काढून टाकल्या. हे संशोधकांनी स्वतःच नोंदवले आहे. तुलनेत एडर, जे प्रत्येक टप्प्यावर माणसाची वाट पाहते, मला जुन्या वळणाचे पण सुरक्षित वाटते.

व्यवहारापुरते सांगायचे तर बदल पसंत न पडल्यास 'अनडू' या एका आज्ञेने शेवटचा कमिट मागे घेता येतो, प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवण्याची सोय आहे, आणि प्रकल्पाचे संकेत एका फाइलीत लिहून ती केवळ वाचनासाठी जोडता येते. नको असलेल्या सूचनांची यादीही मी याच फाइलीत घातली, आणि प्रकार-सूचनांचा आग्रह तेव्हाच थांबला. एडर मोफत असले तरी मॉडेलचे पैसे टोकनांनुसार वेगळे पडतात. प्रत्येक उत्तराखाली खर्च दिसतो, त्यामुळे महिनाअखेरीस धक्का बसत नाही. स्वतःच्या संगणकावरचे मॉडेल जोडून तोही वाचवता येतो, पण सूचनांचा दर्जा त्या मॉडेलवरच ठरेल.

माझ्या प्रकल्पात सध्या एडरकडे टेस्ट लिहिण्याचे आणि ठरलेले बदल करण्याचे काम आहे. काय बदलायचे याची यादी अजून वहीतच आहे.